रक्ताचा थेंब आणि दुहेरी रेघ

गेल्या वर्षीच्या आषाढात आमच्या घरी दोन कागद आले आणि त्यांनी आमचे चार दिवसांचे स्वास्थ्य हिरावून घेतले. पहिला कागद संमतिपत्राचा होता. दुसऱ्यावर चौकोन व वर्तुळे काढून तीन पिढ्यांची वंशावळ भरावयाची होती. आमचा मुलगा त्या वेळी पाच वर्षांचा होता. तो उशिरा चालू लागला, आणि आजही मोजकेच शब्द बोलतो. बंगळुरातील एका संशोधनसंस्थेने अशा मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या रक्ताचा आनुवंशिक अभ्यास चालविला असून त्यात आम्ही तिघांनी सहभागी व्हावे, अशी तिची विनंती होती.

वंशावळीच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना होती. पतिपत्नींमध्ये विवाहापूर्वीच रक्ताचे नाते असेल, तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी काढावी. आमची रेघ दुहेरी आहे. माझी पत्नी ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या गडहिंग्लजकडे यात कोणी काही वावगे मानीत नाही. उलट मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असेच म्हणतात. त्या रात्री गावी फोन करून आईला हे सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे चूक माझीच म्हणायची का रे? सोयरीक तर मीच जुळवली."

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. कोरमंगल्याच्या केंद्रीय सदनात दिवसभर फायली चाळणाऱ्या कारकुनाजवळ ते असणार तरी कोठून? परंतु एखाद्या प्रकरणाचा उलगडा होत नसेल, तर मागची कागदपत्रे काढून आरंभापासून वाचावीत, एवढे नोकरीने मला शिकविले आहे. त्याप्रमाणे कार्यालयीन वेळेनंतर काही महिने जे वाचन केले, त्याचा हा वृत्तांत. बदलीच्या गावी, आप्तस्वकीयांपासून दूर, असेच कागद हाती घेऊन बसलेला एखादा वाचक या मासिकालाही असेल, या विचाराने तो लिहून काढला आहे.

प्रकरणाचे पहिले पान नॉर्वे देशातील आहे. बोर्ग्नी एगेलांड या बाईंची लिव्ह व डाग ही दोन्ही मुले जन्मतः निरोगी दिसत होती; पुढे मात्र त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, ही गोष्ट या मातेच्या ध्यानात आली होती. तिने अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले; कोणी त्या वासाकडे लक्ष दिले नाही. अखेर १९३४ साली आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकून पाहिले, तो ती हिरवी झाली. असा रंग त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मुलांची सर्व औषधे बंद करवून त्यांनी पुन्हा परीक्षा केली, रंग तोच. मग ती माता लघवीचे नमुने प्रयोगशाळेत पोचवीत राहिली आणि फॉलिंग त्यातील द्रव्य वेगळे काढीत राहिले. पुढे त्यांनी मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी केली. त्यांत आणखी ८ जण त्याच विकाराचे निघाले. अन्नातील फिनाइलअलानिन नावाचे ॲमिनो आम्ल या मुलांच्या शरीरात पचत नाही, ते साठून मेंदूला घातक ठरते, आणि हा दोष आईबापांकडून येतो, हे कळले. आज या विकाराला फिनाइलकीटोन्यूरिया म्हणतात.

मतिमंदत्वाचे एक निश्चित रासायनिक कारण मनुष्याला प्रथमच सापडले, ते असे. त्याचे श्रेय फॉलिंग यांच्याइतकेच त्या मातेच्या नाकाला आणि चिकाटीला दिले पाहिजे. मात्र लिव्ह आणि डाग यांना त्या शोधाचा काही उपयोग झाला नाही. उपाय सापडावयास आणखी जवळजवळ वीस वर्षे जावी लागली.

तो उपाय इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात सापडला. शीला जोन्स या दीड वर्षाच्या मुलीची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राही आणि "माझ्या मुलीसाठी काही सापडले का?" असे विचारी. तिच्या आग्रहामुळे हॉर्स्ट बिकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअलानिन काढून टाकलेला आहार सिद्ध केला. मुलगी रांगू लागली, आधाराने उभी राहू लागली, तिचे डोके आपटणे थांबले. यापुढची हकीकत वाचताना मात्र माझ्या मनाला धक्का बसला. ही सुधारणा खरोखर आहाराचीच की आईच्या मनाचे खेळ, याची खातरी करण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता त्या आहारात फिनाइलअलानिन पुन्हा मिसळले. थोड्याच दिवसांत मुलगी शिकलेले सारे विसरू लागली. मग खरा प्रकार आईला सांगून, तिच्या संमतीने, तोच प्रयोग रुग्णालयात पुन्हा करण्यात आला. हा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि जगातील असंख्य मुलांचे कल्याण झाले. असे असूनही, आपण आनंदाने भरवीत असलेल्या दुधात दुसऱ्या कोणी काही मिसळले आहे हे कळल्यावर त्या आईला काय वाटले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. संमतिपत्राचा कागद कशासाठी असतो, हे मला या एका प्रसंगाने जितके समजले तितके त्या कागदातील बारा कलमांनी समजले नव्हते.

आहाराचा गुण येतो तो अगदी लहानपणी सुरुवात केली तरच. तेव्हा बालक जन्मताच दोष ओळखणे आले. ही अडचण अमेरिकेत बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी सोडविली. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता आणि मेव्हणीच्या मुलीला हाच विकार होता. म्हणजे हेही संशोधन घरच्या दुःखातूनच निघाले. नवजात बालकाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टीपकागदासारख्या जाड कागदावर घ्यावयाचा, वाळवावयाचा आणि टपालाने प्रयोगशाळेकडे धाडावयाचा, इतकी ती पद्धत सोपी होती. १९६० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत २९ राज्यांतील सुमारे ४ लाख बालकांवर तिची चाचणी झाली, आणि पुढे अनेक देशांत ती नित्याची झाली.

हा थेंब बंगळुरात पोचला तो १९८० साली. तिकडे वळण्यापूर्वी आपल्याकडील एक धागा हाती घेतला पाहिजे. कारण येथे रक्ताच्या थेंबाबरोबरच आणखी एक गोष्ट विचारली गेली: तुमचे व यजमानांचे लग्नापूर्वीचे नाते काय?

हा प्रश्न भारतात पूर्वीच विचारला जाऊ लागला होता. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे प्रदेशवार विभाग पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात घातले. उत्तरेत रक्ताच्या नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामा-भाचीचे लग्नही मान्य. आणि आपण मध्ये, मामाची मुलगी पुष्कळ जातींत चालते पण आत्याची चालत नाही. गडहिंग्लजच्या आमच्या लग्नाचा नकाशावरील पत्ता मला प्रथम कळला तो इरावतीबाईंच्या या विवेचनातून. १९५६ साली मुंबईत एल. डी. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा जातिगटांतील अशा विवाहांचे प्रमाण मोजून प्रसिद्ध केले. पुढील वर्षी जे. बी. एस. हॉल्डेन हे विख्यात आनुवंशशास्त्रज्ञ इंग्लंड सोडून भारतात स्थायिक झाले, आणि त्यांच्या प्रेरणेने आंध्रातही अशी पाहणी झाली.

१९८० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक एन. अप्पाजी राव, त्यांच्या सहकारी एच. एस. सावित्री, डॉ. ए. राधा रमा देवी आणि लंडनहून या कामात सामील झालेले ॲलन बिटल्स यांनी हे दोन्ही धागे एकत्र आणले. बंगळूर-म्हैसूरकडील प्रसूतिगृहांत जन्मणाऱ्या बालकांच्या टाचेतील रक्त घेऊन ॲमिनो आम्लांच्या दोषांसाठी तपासण्यास आरंभ झाला. भारतातील नवजात बालकांच्या तपासणीचा हा पहिला मोठा उपक्रम होय. लाखाहून अधिक बालके त्यात तपासली गेली. त्याचबरोबर मातांकडून विवाहसंबंधांची माहिती घेण्यात आली. १९८० ते १९८९ या दशकात बंगळूर व म्हैसूर या शहरांतील १,०७,५१८ विवाहांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ३१ टक्के विवाह रक्ताच्या नात्यातील होते; मामा-भाची आणि मामेबहीण हे त्यांतील मुख्य प्रकार.

या नात्यांचे मोजमाप शास्त्रज्ञ एका अंकाने करतात. आईकडून व बापाकडून आलेले एखादे जनुक एकाच पूर्वजापासून आलेले असण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ. मामे-आतेभावंडांच्या अपत्यात हा अंक सोळात एक, म्हणजे ०.०६२५ येतो, मामा-भाचीच्या अपत्यात तो दुप्पट. या दोन शहरांची सरासरी ०.०२९९ निघाली. म्हणजे तेथील सगळ्या बालकांवर हे नाते सारखे वाटून दिले, तर प्रत्येक बालक मामे-आतेभावंडांचे जवळजवळ अर्धे अपत्य ठरेल! आमच्या सदनातील कन्नड सहकाऱ्यांना मी हे सांगितले, तेव्हा एकजण हसून म्हणाले, "मग तुम्ही येथे परके कसले?"

याच मंडळींनी १९८७ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४०७ बालकांची कसून तपासणी केली असता ६३ जणांमध्ये ३५ निरनिराळे आनुवंशिक विकार निश्चित झाले. ॲमिनो आम्लांचे दोष त्यांत सर्वांत अधिक होते. आणि अशा बालकांच्या घरी नात्यातील विवाहांचे प्रमाण सर्वसाधारण समाजापेक्षा अधिक आढळले.

आईच्या प्रश्नाशी येथे माझी गाठ पडली. हे वाक्य मी दोनदा वाचले आणि कागद मिटून ठेवला. पुढे धीर करून वाचले, तेव्हा त्याच शास्त्राने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीही दिसल्या. प्रत्येक मनुष्याच्या अंगी काही सदोष जनुके सुप्तपणे वास करीत असतात. जोडीदाराकडून तसेच जनुक आले तरच ती प्रकट होतात. पतिपत्नी नात्यातली असली की ही गाठ पडण्याचा संभव वाढतो, इतकेच. जगात कोठेही शंभर बालकांमागे दोनतीन बालके काही गंभीर व्यंग घेऊन जन्मतात. मामे-आतेभावंडांच्या अपत्यांत त्यांत आणखी दोनतीनांची भर पडते. उरलेली नव्वदांहून अधिक बालके निकोप असतात. शिवाय कित्येक विकारांचा नात्याशी संबंधच नसतो. १९५९ साली जेरोम लजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउनच्या विकारात एकविसावे गुणसूत्र एक जादा असते, असे दाखविले; तो दोष नात्यातील लग्नाने येत नाही. अलीकडे असेही पुष्कळ बदल सापडले आहेत, की जे बालकातच नव्याने उद्भवतात. आईच्या रक्तात नाहीत, बापाच्या रक्तात नाहीत. आमच्या तिघांचेही रक्त हवे होते ते एवढ्याचसाठी. तिघांचे ताडून पाहिल्याखेरीज कोणता बदल वारशाने आला आणि कोणता नवा, हे सांगता येत नाही.

पण प्रश्न केवळ शास्त्राचा असता, तर चार दिवस झोप उडण्याचे कारण नव्हते. पत्नीने एके रात्री विचारले, "अहो, हे सगळं लिहून दिल्यावर उद्या त्याचा उपयोग कोण कसा करील, हे कुणाला ठाऊक?" या भीतीलाही इतिहास आहे, आणि तो सुखद नाही.

इरावतीबाई काही काळ बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. वंशावंशांतील भेद कवट्यांच्या मोजमापांत सापडतात, अशी गुरूंची अपेक्षा. शिष्येचा निष्कर्ष तिच्या विरुद्ध निघाला आणि तिने तो तसाच मांडला. त्या परतल्यावर काही वर्षांतच फिशर यांची संस्था नाझी राजवटीच्या सेवेस लागली. १९३३ साली जर्मनीत आनुवंशिक दोष असलेल्यांना निर्बीज करण्याचा कायदा झाला. त्यातील विकारांच्या यादीत पहिले नाव जन्मजात मतिमंदत्वाचे होते. सुमारे ४ लाख माणसांवर तो कायदा चालविला गेला. त्या कामीही वंशावळीचे कागदच वापरले गेले होते. चौकोन, वर्तुळे आणि रेघा त्यांवरही होत्या.

हे जर्मनीत घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे, असेही नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूर येथील सरकारमान्य वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. गवगवा झाल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या भल्यासाठीच हे केले, असे समर्थन करण्यात आले. भल्यासाठी केलेल्या गोष्टींतही विचारणे राहून जाते, हे बर्मिंगहॅमच्या दुधाने मला आधीच शिकविले होते.

म्हणून पुढील वाचन मी नियमांचे केले. त्यात आम्हा कारकुनांची गती बरी असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मनुष्यांवरील संशोधनासाठी पहिले धोरणपत्रक काढले तेही १९८० सालीच, बंगळुरात टाचेतील थेंब घेण्यास आरंभ झाला त्या वर्षी. २००० व २००६ साली त्याचा विस्तार होऊन २०१७ साली आजचे राष्ट्रीय नियम झाले. त्यांप्रमाणे संशोधनाचा हेतू समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. केव्हाही, कारण न देता, माघार घेता येते. आणि माघार घेतली म्हणून उपचारात उणे करता येत नाही. नावाऐवजी अंक लावून नमुने ठेवावे लागतात. नियम असले म्हणजे ते पाळले जातातच, असे सरकारी नोकर तरी म्हणणार नाही. तथापि नियम ठाऊक असलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात. आम्ही ते विचारले. रक्त किती वर्षे ठेवणार? दुसऱ्या कोणाला देणार काय? आमच्या मुलाच्या पुढील भावंडाविषयी काही कळले, तर आम्हांला सांगणार काय? तेथील समुपदेशक बाईंनी सर्व प्रश्नांची उत्तरे दिली, आणि एकाचे उत्तर "हे आज सांगता येत नाही" असे दिले. त्या एका उत्तरामुळे माझा उरलेल्यांवर विश्वास बसला.

आम्ही तिघांनी रक्त दिले. वंशावळीच्या कागदावर मी पट्टीने दुहेरी रेघ ओढली.

सात महिन्यांनी पत्र आले. मुलाच्या एका जनुकात बदल आढळला आहे. मात्र तो विकाराचे कारण आहे की निरुपद्रवी भेद आहे, हे आज निश्चित सांगता येत नाही, असा त्याचा मतितार्थ. अशी उत्तरे आपल्या लोकांच्या वाट्याला अधिक येतात, याचेही कारण आहे. जगातील आनुवंशिक माहितीचे साठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावर उभे आहेत. एखादा बदल आपल्याकडील पुष्कळ निरोगी माणसांत आढळतो, असे कळले तर तो निरुपद्रवी ठरविता येईल. पण त्या निरोगी माणसांची नोंदच नव्हती. हे उणे भरून काढण्याचे एक मोठे काम २०२० साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू-संशोधन केंद्राच्या पुढाकाराने सुरू झाले. देशभरातील १०,००० व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची नोंद करण्याचा हा 'जीनोम इंडिया' प्रकल्प असून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली. अशा नोंदी वाढतील आणि आमच्या मुलासारखी आणखी मुले सापडतील, तेव्हा आमच्या पत्रातील 'अनिश्चित' हा शब्द कदाचित बदलेल. तोवर फाइल उघडी राहील.

आईला मी हे पत्र फोनवर वाचून दाखविले. तिच्या प्रश्नाचे होय किंवा नाही, असे उत्तर त्यात नव्हते. मी तिला बोर्ग्नी एगेलांडची गोष्ट सांगितली, बंगळुरातील त्या लाखभर बाळंतिणींची सांगितली. त्यांतल्या तीस-एकतीस टक्के बायांनी, बाळंतपणाच्या खाटेवर पडल्या पडल्या, "नवरा मामा लागतो," "नवरा आत्तेभाऊ लागतो," असे परक्या माणसाला सांगितले. त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. त्यांनी ते लाजेने दडविले असते, तर या विषयात आज जे थोडेफार कळते तेही कळले नसते. सोयरीक जुळविणे ही चूक नव्हे. त्या काळी जे ठाऊक होते त्यावरून तू केलेस, आणि आज जे ठाऊक आहे ते पुढच्या सोयरिकी जुळविताना सांगत जा, असे मी तिला म्हणालो. आई म्हणाली, "माझं पण रक्त हवं असेल तर सांग. दिवाळीला येते तेव्हा देईन."

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला असेल, तर दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. दिव्यांग अपत्याचे संगोपन करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. तसा आदेश २०१४ साली निघाला आहे. तो दाखविल्यामुळेच आम्ही अद्याप कोरमंगल्यात आहोत, आणि मुलाची शाळा व त्याला बोलावयास शिकविणाऱ्या बाई सुटलेल्या नाहीत. दुसरी गोष्ट, संमतिपत्र कार्यालयातील परिपत्रकासारखे वाचावे. सही करण्यापूर्वी शेवटचे कलमही सोडू नये.

येत्या मार्गशीर्षात आमचा मुलगा सात वर्षांचा होईल. २०१७ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढील बालकाला संशोधनात घ्यावयाचे तर आईबापांच्या संमतीखेरीज खुद्द त्याचाही होकार घ्यावा लागतो. पुढील वेळी रक्त घेण्यापूर्वी ते त्याला विचारतील. त्यासाठी त्यांच्याजवळ चित्रे आहेत, असे समुपदेशक बाईंनी सांगितले आहे. पत्नीने तशीच चित्रे घरी काढून त्याला दाखविण्यास आरंभ केला आहे. सुईचे चित्र पाहिले, की तो हात मागे घेतो आणि मान हलवितो. 'नको' हा शब्द त्याला येतो. तो त्याने उच्चारला, तर आम्हांला तेथूनच घरी परतावे लागेल; आणि तसेच करावयाचे, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे.